उतार : त्याचा अर्थ, मोजणी व शेतीतील उपयोग

'उतार' हा शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातील आहे. पाणी उताराला धावते, पूर ओसरू लागला म्हणजे पाण्यास उतार पडला असे आपण म्हणतो, आणि गाडीवानास तर घाटाचा उतार चढापेक्षाही अवघड वाटतो. सातबाराचा उतारा व साखरेचा उतारा हेही त्याच कुळातील शब्द. परंतु त्यांचा येथे संबंध नाही. प्रस्तुत लेखात उतार या शब्दाचा शास्त्रीय अर्थ काय, तो मोजावा कसा, आणि जमिनीवरून सुचलेली ही कल्पना विहिरीचे पाणी, पाऊस, थंडी, साठवणीचे धान्य व खताची मात्रा यांस कशी लागू पडते, याचा विचार करावयाचा आहे. त्यांपैकी जमिनीच्या उताराचा विचार अधिक विस्ताराने केला आहे. कारण तेथे होणारे नुकसान भरून येत नाही. वाहून गेलेले खत पुन्हा विकत आणता येते, वाहून गेलेला मातीचा थर एका पिढीत परत तयार होत नाही.

उतार म्हणजे काय?

दोन ठिकाणांमध्ये एखाद्या गोष्टीचा जो फरक असतो, त्यास त्या ठिकाणांमधील अंतराने भागले असता जे उत्तर येते, तो त्या गोष्टीचा उतार होय. शास्त्रीय परिभाषेत यास 'प्रवणता' म्हणतात. ही गोष्ट जमिनीची उंची असेल, तापमान असेल, हवेचा दाब असेल किंवा मातीतील ओल असेल. व्याख्या तीच राहते. येथे ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी की, नुसत्या फरकावरून काहीच ठरत नाही. एक टेकडी पायथ्यापासून शंभर मीटर उंच आहे एवढे सांगितल्याने तिच्यावरून पाणी कसे वाहील हे कळत नाही. हीच शंभर मीटर उंची अर्ध्या किलोमीटरात उतरत असेल तर तेथे ओघळी पडतील. दहा किलोमीटरांत उतरत असेल तर ते पठारी रान म्हणून नांदेल. उतारास प्रमाणाबरोबर दिशाही असते. एखाद्या शेतात उभे राहिले असता निरनिराळ्या दिशांना निरनिराळा उतार भरतो; ज्या दिशेस तो सर्वांत अधिक, त्या दिशेने पाणी धावते, आणि तिच्याशी काटकोनात जी रेषा येते तिच्यावर उतार मुळीच नसतो. ही दुसरी रेषा म्हणजेच समपातळी रेषा. मृदसंधारणाचे बहुतेक सर्व काम या दोन दिशांच्या ज्ञानावर उभे आहे.

जमिनीचा उतार शेकड्यात सांगण्याचा प्रघात आहे. शंभर मीटर चालल्यावर दोन मीटर खाली आलो तर उतार शेकडा २, म्हणजेच ५० स १. शेकडा व अंश यांत मात्र गल्लत होऊ देऊ नये. शेकडा १०० उतार म्हणजे उभी भिंत नव्हे, तो ४५ अंशांचा कोन होय. आणि शेकडा ५ उतार हा तीन अंशांहूनही थोडा कमीच भरतो. म्हणूनच डोळा फसतो. शिबिरांत शेतकऱ्यांस आपापल्या रानाचा उतार विचारला असता बहुतेकांचे उत्तर 'रान सपाट आहे' असेच येते, आणि मोजल्यावर तेच रान दीड-दोन टक्के निघते.

एवढ्या अल्प उताराचे सामर्थ्य किती, हे आगगाडीच्या उदाहरणावरून चांगले समजते. मुंबईहून पुण्याकडे जाणारा भोर घाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये व नाशिककडे जाणारा थळ घाटाचा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. दोन्ही घाटांत सर्वांत कडक चढ ३७ स १ आहे. शेकड्यात सांगावयाचे तर तो २.७ इतकाच होतो. परंतु तेवढ्यासाठी गाडीस जादा इंजिने जोडावी लागतात. त्याउलट १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने बोगदे खणून व उंच पूल बांधून आपला चढ १५० स १ पेक्षा अधिक होऊ दिला नाही. ज्या चढाने आगगाडीस दम लागतो, तेवढाच उतार आपल्या शेतात असेल तर आपण त्यास सपाट म्हणतो, आणि मृगाचे पाणी त्यावरून धावत सुटते.

उतार मोजण्याची सोपी रीत

दुर्बिणीचे यंत्र सर्वांस उपलब्ध नसते, आणि सामान्य कामास त्याची गरजही पडत नाही. दोन साधने गावात तयार होतात.

पहिले साधन म्हणजे पाण्याची नळी. गवंडी लोक पायाची पातळी पाहण्यासाठी ती नेहमी वापरतात. बारा-पंधरा मीटर लांबीची पारदर्शक नळी घेऊन तिची दोन टोके दोन सारख्या काठ्यांस बांधावीत. काठ्यांवर खालपासून सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि नळीत पाणी भरावे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर मोजणी चुकते, म्हणून पाणी भरताना एवढी एक काळजी घ्यावी. दोन माणसांनी उताराच्या दिशेने दहा मीटर अंतरावर उभे राहून दोन्ही काठ्यांवरील पाण्याची उंची वाचावी. समजा, वरच्या काठीवर ९२ व खालच्या काठीवर ११२ सेंटिमीटर आले. फरक २० सेंटिमीटर, अंतर १००० सेंटिमीटर. म्हणजे उतार शेकडा २. काठीवरील आकडा जेथे मोठा, तेथे जमीन खोल, हे प्रथम थोडे उलटे वाटते. एकदा हाताने करून पाहिले म्हणजे शंका राहत नाही. शेतात निदान पाच-सहा ठिकाणी मोजावे. एकाच शेताच्या वरच्या व खालच्या भागांत उतार दुप्पट-तिप्पट फरकाने आढळतो.

दुसरे साधन म्हणजे तिकाटणे. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकास एकत्र बांधून पाय फाकवावेत, मध्ये एक आडवी पट्टी ठोकावी, आणि शेंड्यापासून दोरीने दगडाचा ओळंबा सोडावा. दोन पायांतील अंतर बरोबर दोन मीटर ठेवावे. तिकाटणे कोठेही उभे करून ओळंब्याची दोरी आडव्या पट्टीस जेथे लागते तेथे खूण करावी. मग दोन्ही पाय एकमेकांच्या जागी ठेवून दुसरी खूण करावी. या दोन खुणांचा मध्य ही पातळीची खूण होय. यानंतर एक पाय स्थिर ठेवून दुसरा वर-खाली सरकवीत दोरी मध्यखुणेवर आणली की दोन्ही पाय समपातळीत आले असे समजावे, तेथे खुंटी मारावी आणि पुढे चालावे. खुंट्यांची ही ओळ म्हणजे समपातळी रेषा. शेकडा अर्ध्याच्या ढाळीची रेषा हवी असेल, तर ज्या बाजूस पाणी न्यावयाचे त्या बाजूच्या पायाखाली एक सेंटिमीटर जाडीची लाकडी चकती ठोकून हीच क्रिया करावी. पाव टक्क्यास अर्धा सेंटिमीटर पुरते. इतक्या स्वस्त साधनाने इतके नेमके काम होते, यावर प्रथम कोणाचाच विश्वास बसत नाही.

उतारावर पाणी काय करते?

पाण्याची खोली व जमिनीचा खडबडीतपणा तोच असता, वाहत्या पाण्याचा वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. उतार चौपट झाला तर वेग दुप्पट होतो. एवढ्यावरून हे प्रकरण फारसे गंभीर वाटणार नाही. परंतु वेग दुप्पट झाला की तेवढ्याच पाण्याच्या अंगची ऊर्जा चौपट होते, आणि त्या पाण्यास ढकलता येणाऱ्या दगडाचे वजन ठोकळमानाने चौसष्टपट होते. वेग तिप्पट झाला तर हे प्रमाण किती वाढेल, याचा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. ओढ्याच्या पात्रात एरवी माणसाला न हलणारे धोंडे एका रात्रीच्या पुराने कसे खाली जातात, याचे कारण त्यातच सापडते.

उताराइतकीच त्याची सलग लांबीही महत्त्वाची आहे. शेताच्या माथ्यावर पाणी थोडे असते. खाली येता येता त्यात वरचे सर्व पाणी मिळत जाते. म्हणून ओघळ शेताच्या खालच्या अंगास सुरू होते आणि दरसाल वर वर सरकत जाते. बांधबंदिस्तीचा उद्देश यावरून स्पष्ट व्हावा. बांधाने जमिनीचा उतार लगेच कमी होत नाही. कमी होते ती उताराची सलग लांबी. पाण्यास वेग व भर येण्यापूर्वीच त्याची वाट अडविली जाते. पुढे वर्षानुवर्षे बांधाच्या वरच्या अंगास गाळ साठून जमीन हळूहळू सपाट होऊ लागते, ही पुढची प्राप्ती. कोकणातील भाताच्या खाचरांत मात्र उतारच पायऱ्यापायऱ्यांनी तोडलेला असतो. तेथे उभ्या डोंगराचे काम बांधाने भागत नाही.

दोन बांधांत किती अंतर असावे, याचे एक जुने सूत्र आहे : शेकडा उतारास ३ ने भागून त्यात २ मिळवावेत, म्हणजे दोन बांधांतील उभे अंतर फुटांत येते. शेकडा ३ उताराच्या रानात हे उभे अंतर ३ फूट भरते, म्हणजे जमिनीवरून चालत गेल्यास १०० फूट किंवा सुमारे ३० मीटर. शेकडा १ उतारास अंतर सुमारे ७० मीटर येते, तर शेकडा ६ उतारास सुमारे २० मीटर. पाऊस व जमिनीची जात यांप्रमाणे यात कमी-अधिक करावे लागते. परंतु उतार न मोजता 'दर पन्नास पावलांवर एक' असे बांध घालणे म्हणजे एके ठिकाणी पैसा व जमीन वाया घालविणे आणि दुसऱ्या ठिकाणी बांध फुटण्याची सोय करून ठेवणे होय.

कोठे समपातळी, कोठे ढाळ?

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात कोरडवाहू शेतीच्या संशोधनास सोलापूर येथे १९३३ मध्ये सुरुवात झाली, आणि १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने सामुदायिक बांधबंदिस्तीस कायद्याचा आधार मिळाला. त्यानंतरच्या काळात लक्षावधी एकरांवर समपातळी बांध घातले गेले. हलक्या व मध्यम जमिनींत, जेथे पाऊस बेताचा पडतो व पाणी मातीत चटकन मुरते, तेथे या बांधांनी चांगले काम केले आहे.

खोल काळ्या जमिनीचा स्वभाव मात्र वेगळा. ती ओली झाली की फुगते आणि पाणी जिरविण्याचा तिचा वेग अगदी मंद होतो. उन्हाळ्यात तीच जमीन हातभर भेगाळते आणि भेगा बांधाच्या पोटातूनही आरपार जातात. अशा रानात ढाळ नसलेला बांध घातला असता दोनच गोष्टी संभवतात. पहिल्याच जोरदार वळवाचे पाणी भेगांत शिरून बांधास भगदाड पडते. किंवा बांध टिकला तर पाणी त्याच्या वरच्या अंगास साठून राहते, रान चिबडते व पीक पिवळे पडते. असे एकदा झाले की शेतकरी स्वतःच बांध फोडून मोकळा होतो. त्यास अडाणीपणा म्हणण्याचे कारण नाही. त्याच्या पिकाने जे सांगितले ते त्याने ऐकले. चूक आहे ती एकच आराखडा सर्व जमिनींस लावण्यात. भारी काळ्या रानात बांधास शेकडा ०.२ ते ०.४ चा ढाळ द्यावा आणि जादा पाणी गवत लावलेल्या चरातून नाल्यास सोडावे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने अशाच जमिनींसाठी रुंद वरंबा व सरी यांची जी पद्धत बसविली, तीतही सरीस शेकडा ०.४ ते ०.८ चा ढाळ देतात. पावसाची उघडीप झाली की सरीत ओल टिकते आणि झड लागली की सरीतूनच पाणी निघून जाते. सोयाबीनच्या पट्ट्यात ही पद्धत आता पुष्कळांच्या परिचयाची झाली आहे.

येथे गावपातळीवरील कार्यकर्त्यास एका निराळ्याच अडचणीस तोंड द्यावे लागते. समपातळी रेषा गटांच्या हद्दी ओळखीत नाही. अनेक गावांत भावांच्या वाटण्या करताना प्रत्येकास वरचे हलके व खालचे भारी रान सारखे मिळावे म्हणून पट्टे उताराला उभे पाडलेले आढळतात. न्यायाच्या दृष्टीने ती वाटणी उत्तमच आहे. परंतु पट्टा अरुंद व लांब झाल्याने नांगर आणि पाभर उभ्याने चालतात, आणि पाभरीचा प्रत्येक तास म्हणजे पाण्यासाठी पाडलेली एक लहानशी वाट ठरते. आडवी पेरणी केली की तोच तास बांध होतो. या एका बदलास पैसा लागत नाही. ट्रॅक्टर वळविण्याचा त्रास मात्र वाढतो, आणि अरुंद पट्ट्यात तो खराच असतो. चार शेजाऱ्यांनी मिळून पेरणीची दिशा ठरविली तरच हे साधते. तसेच बांधाचा सांडवा कोणाच्या रानात उघडावा, यावरून होणारा तंटा बांध घालण्यापूर्वी मिटवावा. खालच्या शेतकऱ्याची संमती नसलेला सांडवा पहिल्या पावसानंतर बुजविला जातो आणि मग बांध फुटतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

उतार राखून घेतलेले काम

उतार नेहमी तोडावयाचाच असतो असे नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतकांपूर्वी बसविलेली फड पद्धती हे उतार जपून वापरण्याचे नामी उदाहरण आहे. नदीवर बंधारा घालून पाणी अडवावयाचे, पाटाने ते काठाच्या कडेने मंद ढाळावर न्यावयाचे, आणि पाट व नदी यांच्यामधील उतरते रान फडांत वाटून एकेका फडात एकच पीक घ्यावयाचे, अशी ही रचना होती. नदी जेवढ्या वेगाने खाली उतरते त्यापेक्षा पाट सावकाश उतरतो; म्हणून थोड्याच अंतरावर पाट नदीपेक्षा उंचावर येतो व मधली जमीन भिजू शकते. येथे पाण्यास उचलण्यासाठी ना मोट लागते ना पंप. पाटाचा ढाळ जास्त झाला तर काठ कापले जातात, कमी झाला तर गाळ बसतो. हे जाणून वर्षानुवर्षे पाट राखण्याचे काम पाटकऱ्यांनी केले.

सरीने पाणी देतानाही हाच विचार करावा. सरीत एकावेळी किती पाणी सोडावे याचे ढोबळ मान असे : ०.६ ला शेकडा उताराने भागावे, म्हणजे माती न कापता सरीत सोडता येणारे जास्तीत जास्त पाणी सेकंदाला लिटरमध्ये मिळते. उतार शेकडा ०.३ असेल तर २ लिटर, ०.६ असेल तर १ लिटर. सरीच्या तोंडाशी माती धुऊन शेवटच्या टोकाशी गाळ बसत असेल, तर पाण्याची धार कमी करावी किंवा सरी थोडी आडवी वळवून पाडावी.

जमिनीच्या पोटातील उतार

पृष्ठभागाखालीही पाणी उतारानेच चालते. मात्र तो उतार मातीचा नसून पाण्याच्या पातळीचा असतो. फ्रान्समधील दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणाऱ्या हेन्री दार्सी या अभियंत्याने वाळूच्या स्तंभातून पाणी गाळून पाहिले आणि १८५६ मध्ये असा नियम मांडला की, वाळूतून वाहणारे पाणी दोन टोकांच्या पातळीतील फरकाच्या सम प्रमाणात व त्यांतील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. विहिरीचा उपसा सुरू झाला की विहिरीभोवती पाण्याची पातळी उलट्या शंकूसारखी खोलावते आणि चोहोंकडचे पाणी त्या उतारावरून विहिरीकडे येऊ लागते. जवळजवळ दोन विहिरी असतील तर दोन्ही शंकू एकमेकांत शिरतात, आणि ज्याचा उपसा खोल त्याच्याकडे दोघांचे पाणी वळते. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात पाणी झिजलेल्या मुरमातून व खडकाच्या फटींतून चालत असल्याने हा शंकू वाळूतल्याप्रमाणे सारखा नसतो. त्यामुळे शेजारची विहीर आटते आणि दूरची टिकते, असेही घडते. तथापि अधिक खोल जाण्याची शर्यत सर्वांच्याच पंपांवर भार टाकते, यात फरक पडत नाही.

मातीतील ओल ही कोठून कोठे जाईल, हेही ओढीच्या फरकावर ठरते. ओल्या मातीकडून कोरड्या मातीकडे पाणी सरकते, मग ती दिशा खालची असो वा वरची. कालव्याच्या भागात अतोनात पाणी दिल्याने जमिनीतील पाण्याची पातळी वर येते. पृष्ठभाग उन्हाने वाळत असतो, म्हणून ओल खालून वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार तेवढे मागे उरतात. नीरा खोऱ्यात व कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात क्षारपड झालेली राने याच वाटेने गेली आहेत. अशा रानात वरून कितीही औषधे टाकली तरी पाण्याची दिशा बदलल्याशिवाय उपयोग होत नाही. जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून, त्यास सलग थोडा ढाळ देऊन पाणी नाल्यापर्यंत काढून द्यावे लागते. नळ मध्येच कोठे उंचावला तर त्यामागे गाळ साठतो व काही वर्षांत तो बंद पडतो. म्हणून नळ टाकताना प्रत्येक जोडाची पातळी तपासून पाहावी. ठिबक सिंचनातही ओलाव्याच्या गोलाच्या कडेस क्षार साठतात. पहिला हलका पाऊस हे क्षार मुळांकडे ढकलतो. म्हणून अशा रानात पाऊस पडत असतानाही ठिबक चालू ठेवणे हिताचे असते. शेतकऱ्यास हे पटवून देणे कठीण जाते, कारण पाऊस पडत असताना पंप चालविणारा मनुष्य शेजाऱ्यांस वेडा वाटतो.

हवेतील उतार

सह्याद्रीच्या पूर्वेस पावसाचा उतार इतका तीव्र आहे की तो पायी चालणाऱ्यासही जाणवावा. महाबळेश्वरास वर्षात साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून रस्त्याने वीस किलोमीटरही नसलेल्या पाचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पडतो, आणि घाट उतरून वाईस आल्यावर हजार मिलिमीटरही भरत नाही. पहिल्या टप्प्यात दर किलोमीटरला दीड-दोनशे मिलिमीटर पाऊस कमी होतो. अशा तालुक्यात एका पर्जन्यमापकाच्या आकड्यावरून सर्व गावांची शिफारस करणे उचित नाही. महसूल मंडळनिहाय हवामान केंद्रांमुळे ही उणीव बरीच दूर झाली असली, तरी घाटमाथ्याजवळच्या मंडळांत एका मंडळाच्या दोन टोकांसही पाऊस सारखा नसतो. पीक विम्याच्या काही योजनांचा निर्णय अशा आकड्यांवर होत असल्याने शाळेच्या किंवा पंचायतीच्या अंगणात एक साधे पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद करणे गावाच्या फायद्याचे आहे.

उंचीबरोबर हवा थंड होत जाते, सरासरीने किलोमीटरला साडेसहा अंश. परंतु हिवाळ्यातील निरभ्र व निवांत रात्री हा क्रम उलटतो. जमिनीलगतची हवा थंड होऊन जड होते व पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट जागेत साठते. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, ते या कारणाने. निफाडसारख्या भागात द्राक्षबाग लावताना खोलगट तुकडा शक्यतो टाळावा, आणि उताराच्या खालच्या बाजूस दाट कुंपण करून थंड हवेची वाट अडवू नये. पाण्यासाठी सांडवा ठेवतो, तसाच हवेसाठीही ठेवावा.

साठवणीच्या धान्यातही तापमानाचा उतार आपले काम करतो. पत्र्याच्या मोठ्या कोठीत थंडीच्या दिवसांत कडेचे धान्य गार पडते व मधले उबदार राहते. मधली ऊबदार हवा ओल घेऊन वर चढते आणि वरच्या गार थरावर ती ओल सोडते. म्हणून कोरडे करून भरलेल्या धान्यासही वरच्या थरात बुरशी दिसते, व कोठी गळली असा समज होतो. कोठी भिंतीपासून दूर व सावलीत ठेवावी. महिन्यातून एकदा वरचा थर हाताने तपासावा.

खताच्या हिशेबातील उतार

शेवटचे उदाहरण कागदावरच्या उताराचे. खताची मात्रा आडवी व उत्पन्न उभे मांडून रेषा काढली, तर ती सुरुवातीस झपाट्याने चढते, पुढे वाकते आणि अखेर जवळजवळ सपाट होते. या रेषेचा प्रत्येक जागी जो चढ असतो, तो शेवटच्या किलो खताने किती धान्य वाढले हे सांगतो. केवळ समजण्यापुरते आकडे घेऊ. नत्राच्या पहिल्या २५ किलोंनी ४ क्विंटल उत्पन्न वाढले, दुसऱ्या २५ किलोंनी अडीच, तिसऱ्यांनी १ आणि चौथ्यांनी पाव क्विंटल. २५ किलो नत्राचा खर्च अर्ध्या क्विंटल धान्याच्या किमतीएवढा असेल, तर तिसरी मात्रा परवडते, चौथी परवडत नाही. शंभर किलोंचा एकत्र हिशेब केला तर पावणेआठ क्विंटल वाढ दिसते व सारे काही फायद्याचेच भासते. चौथ्या मात्रेतील तोटा पहिल्या तीन मात्रांच्या नफ्याखाली झाकून जातो. पीक प्रात्यक्षिकाच्या नोंदी ठेवताना एकाच शेतात निदान तीन वेगवेगळ्या मात्रांचे पट्टे घ्यावेत व हे पट्टे उताराला उभे पाडावेत, म्हणजे वरची हलकी व खालची भारी माती प्रत्येक पट्ट्यास सारखीच मिळेल. अशा पट्ट्यांत पेरणीही उभी करावी लागते. म्हणून प्रात्यक्षिकासाठी शक्यतो अल्प उताराचे रान निवडावे आणि प्रत्येक पट्ट्याचे उत्पन्न स्वतंत्र वजन करून लिहून ठेवावे.